बाहीवरचं प्रश्नचिन्ह

तळहातात मावेल एवढा कापडाचा तुकडा. पार्श्वभूमी गडद निळी. वर लाल वलयातला निळा तारा आणि त्याला वेढून असलेला पांढरा ढग. ढगाची शेपटी खाली उतरता उतरता विजेची रेघ होते आणि तळाशी असलेल्या पिवळ्या गोळ्याला मधोमध चिरते. हात लांब करून पाहिलं, की ढग आणि वीज मिळून चक्क एक प्रश्नचिन्ह दिसू लागतं. अक्षर नाही, आकडा नाही, पलटणीचं नाव नाही. हा तुकडा कुणी, कशासाठी बाहीवर शिवला असेल?

उत्तर शेवटी सांगतो, कारण तिथवर जाण्याआधी एक लिपी शिकावी लागते. मोडीतला कागद पहिल्यांदा हाती आला, की सगळी अक्षरं एकमेकांत गुंतल्यासारखी दिसतात. डोळा सरावला, की त्याच गुंत्यातून ‘राजमान्य राजश्री’ उमटतं. लष्करी पॅच आणि युद्धकाळातल्या कारखान्यांचे बिल्ले हीसुद्धा अशीच एक लिपी आहे. तिची अक्षरं कापडाची, दोऱ्याची, पत्र्याची. आणि तिचा पहिला नियम फार विलक्षण आहे: आपल्या माणसाला लांबून ओळखता आलं पाहिजे, शत्रूला जवळून पाहूनही उलगडा होता कामा नये. एकाच तुकड्याकडून या दोन उलट गोष्टी मागितल्या गेल्या आणि त्या ओढाताणीतून जगातली एक सुंदर चित्रलिपी जन्माला आली.

सुरुवात झाली ती एका माफीनाम्यातून. १८६२ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. जनरल फिलिप कर्नी हा उत्तरेच्या बाजूचा एक हाताचा, तापट सेनानी. त्याचा डावा हात आधीच्या मेक्सिकोच्या युद्धात गेला होता. रस्त्याकडेला रेंगाळणारे काही अधिकारी पाहून तो त्यांच्यावर बरसला. नंतर कळलं, की ते त्याच्या डिव्हिजनचे नव्हतेच. त्यानं माफी मागितली आणि आपल्या माणसांना टोपीवर लाल कापडाचा तुकडा लावायला सांगितलं, म्हणजे पुन्हा गफलत नको. पुढच्या वर्षी डॅनियल बटरफिल्ड या अधिकाऱ्यानं या कल्पनेची पद्धतशीर मांडणी केली. प्रत्येक कोअरला एक आकार मिळाला: कुणाला वर्तुळ, कुणाला त्रिदल, कुणाला चंद्रकोर, कुणाला तारा. पहिल्या डिव्हिजनचा रंग लाल, दुसरीचा पांढरा, तिसरीचा निळा. आकार आणि रंग एवढ्या दोनच गोष्टी वाचल्या, की धुरानं भरलेल्या रणांगणात माणूस कुठला हे कळायचं. त्यातल्या काहींना लिहिता-वाचता येत नसेल, पण ही लिपी सगळ्यांना येत होती.

पहिल्या महायुद्धात हा तुकडा कधी कापडाचा, कधी पत्र्याचा झाला. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत ब्रिटिशांच्या २९व्या डिव्हिजनचे सैनिक पाठीवर पत्र्याचे त्रिकोण लावून खंदकाबाहेर पडले. बिस्किटांच्या डब्यांचा पत्रा कापून ते बनवले होते. उन्हात ते चमकतील, वरून पाहणाऱ्या आपल्या विमानाला पायदळ कुठवर पोचलं हे दिसेल, असा हिशेब होता. याच डिव्हिजनमध्ये न्यूफाउंडलंड बेटावरची एक रेजिमेंट होती. तिचे सुमारे ८०० जण त्या सकाळी पुढे गेले. दुसऱ्या दिवशी हजेरीला ‘हजर’ म्हणायला ६८ उरले होते. असा एखादा गंजका त्रिकोण हाती आला, तर तो भंगार म्हणून फेकला जाण्याचीच शक्यता जास्त. ओळखणाऱ्याला मात्र त्यात ती सकाळ दिसते.

अमेरिकेत खांद्यावरच्या पॅचला मान मिळाला तो १९१८ मध्ये. दक्षिण कॅरोलिनात तयार झालेली ८१वी डिव्हिजन बाहीवर रानमांजराचं चित्र शिवून फ्रान्सला निघाली. इतर डिव्हिजनांनी तक्रार केली, की यांनाच असं चिन्ह का? प्रकरण सरसेनापती पर्शिंग यांच्यापर्यंत गेलं. त्यांनी मांजर काढायला लावण्याऐवजी सगळ्यांनाच आपापलं चिन्ह घ्यायची मुभा दिली. तेव्हापासून चिन्हांचा पूर आला. पुढे १९४५ पासून अमेरिकी सैन्यात एक रीत रुजली, ती ओळखीच्या कामी आजही फार उपयोगी पडते. डाव्या बाहीवर सैनिक सध्या ज्या तुकडीत आहे तिचं चिन्ह, आणि उजव्या बाहीवर ज्या तुकडीबरोबर तो लढाईत होता तिचं. म्हणजे डावी बाही वर्तमान सांगते आणि उजवी भूतकाळ. जुन्या फोटोत माणूस कुठल्या अंगानं उभा आहे, यावरही किती काही अवलंबून असतं!

आता या लिपीतली कोडी पाहा. अमेरिकेच्या चौथ्या डिव्हिजनच्या पॅचवर एका वेलीची चार हिरवी पानं आहेत. पानंच का? रोमन लिपीत चार म्हणजे ‘आय’ आणि ‘व्ही’. ही दोन अक्षरं ओळीनं उच्चारली, की ‘आयव्ही’ होतं, आणि त्या वेलीचं नावही आयव्हीच! न्यूयॉर्कच्या २७व्या डिव्हिजनच्या पॅचवर मृग नक्षत्राचे तारे आहेत. इंग्रजीत या नक्षत्राला ‘ओरायन’ म्हणतात आणि डिव्हिजनच्या सेनापतीचं नाव होतं जनरल ओ’रायन. अमेरिकेच्या २९व्या डिव्हिजनचं चिन्ह निळ्या आणि राखाडी अर्ध्यांचं, एकमेकांना बिलगलेलं. यादवी युद्धात उत्तरेचा गणवेश निळा होता आणि दक्षिणेचा राखाडी. त्या दोन्ही बाजूंची नातवंडं या डिव्हिजनमध्ये एकत्र आली होती, म्हणून हे रंग. नात्यांची एवढी मोठी गोष्ट, आणि ती दोन रंगांत मावली.

ब्रिटिश तर यात आणखी पटाईत. त्यांच्या ५०व्या डिव्हिजनच्या चिन्हात इंग्रजीतले दोन ‘टी’ आहेत: टाइन आणि टीज या नद्यांचे. तोच पॅच आडवा धरला, की दोन ‘टी’ मिळून ‘एच’ होतो, म्हणजे हंबर, त्याच मुलखातलं तिसरं पाणी. वाळवंटात लढलेल्या सातव्या आर्मर्ड डिव्हिजनचं चिन्ह जर्बोआ, म्हणजे मागच्या लांब पायांवर उड्या मारणारा वाळवंटी उंदीर. त्यावरून त्या सैनिकांचं नावच ‘डेझर्ट रॅट्स’ पडलं. डिव्हिजनचा आकडा शत्रूला कळू नये म्हणून चित्र काढायचं, आणि चित्र असं निवडायचं, की आपल्या माणसाला ते पाहून घर आठवावं. कोडं घालणारा आणि सोडवणारा एकाच गावचे असले, की कोडं सोपं होतं. परक्याला ते आयुष्यभर सुटत नाही.

आता आपल्याकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात २५ लाखांहून अधिक माणसं होती आणि सगळी स्वेच्छेनं भरती झालेली. त्यांच्या डिव्हिजनांची चिन्हं पाहिली, तर जणू एखाद्या चित्रकथेची पानं उलटतो आहोत असं वाटतं. चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड. पाचवीचा काळ्यावरचा लाल गोळा, म्हणून ‘बॉल ऑफ फायर’. सातवीचा सोनेरी बाण. सतरावीची काळी मांजर. एकोणिसावीचा खंजीर उगारलेला हात. तेविसावीचा झुंजीचा कोंबडा. पंचविसावीचा इस्पिकचा एक्का. सव्विसावीचा त्रिकोणातून बाहेर पाऊल टाकणारा वाघ. आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढणाऱ्या सैन्याच्या माथ्यावर जनरल स्लिम यांची चौदावी आर्मी. तिच्या ढालीवर एक तलवार आहे आणि तिचं टोक खाली आहे. चिन्हशास्त्रात तलवार टोक वर करून दाखवायची असते. स्लिम यांनी ती जाणूनबुजून उलटी केली, कारण ब्रह्मदेश परत जिंकायचा तर उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे नकाशावर वरून खाली उतरावं लागणार होतं. अख्खी मोहीम एका तलवारीच्या टोकात सांगितलेली!

या चिन्हांशी मराठी घरांचा थेट संबंध आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी एकाच ठिकाणी नव्हत्या, निरनिराळ्या डिव्हिजनांत विखुरलेल्या होत्या. पहिली पलटण इटलीत आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती आणि तिचं चिन्ह होतं पिवळं क्लोव्हर, तिपतियाच्या जातीची एक वनस्पती. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर कंपनीचे रनर नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणलं, मग शत्रूच्या मशीनगन एकामागून एक बंद पाडल्या. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. चौथी पलटण मात्र तेविसाव्या डिव्हिजनची, म्हणजे कोंबड्याची. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला छत्रीधारी ब्रिगेडबरोबर तिनं जपान्यांना रोखून धरलं. आता विचार करा. एखाद्या घरात ‘आजोबा मराठा पलटणीत होते’ एवढंच ठाऊक आहे. कुठे लढले, कोणास ठाऊक. आणि ट्रंकेच्या तळाशी कापडाचा एक विटका तुकडा निघतो. त्यावर पिवळी पानं असतील, तर आजोबांनी इटलीतल्या नद्या पाहिल्या. कोंबडा असेल, तर मणिपूरचे डोंगर. कागद हरवले, माणूस गेला, तरी एवढ्याशा कापडानं दिशा राखून ठेवलेली असते.

चित्र ओळखलं म्हणजे काम संपलं असं नाही. तो तुकडा खरोखर त्या काळातला आहे का, हे त्याचं अंग तपासल्याशिवाय कळत नाही. जाणकार पॅच हातात घेतो आणि पहिल्यांदा तो उलटा करतो. भरतकामाची खरी गोष्ट मागच्या बाजूला असते, हे पैठणी पारखणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी पॅच बहुतांशी सुती दोऱ्याचे, यंत्रावर भरलेले. त्यांच्या पाठीवर खालचा पांढरा दोरा इतका दाट पसरलेला असतो, की बर्फ पडल्यासारखं दिसतं. जाणकार त्याला ‘स्नोई बॅक’ म्हणतात. पाठीवर प्लॅस्टिकचा गुळगुळीत थर असेल, तर तो तुकडा युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी बनला आहे.

ज्या यंत्रावर हे भरतकाम झालं त्याचीही गंमत आहे. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोबली यांनी मागावरचा धोटा भरतकामाच्या यंत्रात आणला. तो धोटा होडीच्या आकाराचा, म्हणून तिथल्या बोलीत यंत्राचं नाव पडलं ‘शिफली’, छोटी होडी. एकाच वेळी शेकडो सुया एकच चित्र भरत जातात. अमेरिकेत न्यू जर्सीच्या हडसन परगण्यात या यंत्रांचे कारखाने एकवटले होते. रणांगणावर चिखलात माखलेली कित्येक चिन्हं अशा होड्यांतून उतरली होती.

पुढची खूण काठाची. जुन्या पॅचचा काठ कापलेला असतो, सपाट. आज आपण शाळेच्या गणवेशावर पाहतो तसा जाड, गोल वळलेला, दोऱ्यानं गच्च गुंडाळलेला काठ मेरो नावाच्या कंपनीच्या यंत्रावर होतो. अमेरिकी सैन्याच्या पॅचवर तो साधारण १९६० च्या दशकानंतर सर्रास दिसू लागला. असा काठ घेऊन कुणी ‘नॉर्मंडीचा पॅच’ म्हणून दाखवत असेल, तर काठच साक्ष देतो, की हा त्या समुद्रकिनाऱ्यावर नव्हता.

मग दोरा. पॉलिएस्टरचा शोध १९४१ मध्ये मँचेस्टरच्या एका कापड छपाई कंपनीत व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी लावला, पण बाजारात ते धाग्याच्या रूपात आलं युद्ध संपल्यावर. त्यामुळे युद्धकाळातल्या म्हणवल्या जाणाऱ्या पॅचमध्ये पॉलिएस्टर सापडलं, की निकाल लागला. पाठीमागचा एखादा सुटा तंतू चिमट्यात धरून जाळला, तर सुताला कागद जळल्याचा वास येतो, लोकरीला केस जळल्याचा, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. दुसरी परीक्षा अतिनील दिव्याची. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून साबणात आणि धाग्यात घालतात ती चमकद्रव्यं युद्धानंतर घरोघर पोचली. ती अंधारात या दिव्याखाली निळसर उजळतात. युद्धकाळातलं जुनं सूत मंद राहतं. मात्र खरा जुना पॅच कुणी नंतर आजच्या साबणानं धुतला असेल, तर तोही उजळतो. म्हणून एका परीक्षेवर कधी विसंबायचं नसतं. चित्र, पाठ, काठ, दोरा, शिवणीची भोकं, उन्हानं उडालेला रंग या सगळ्यांनी एकच हकीकत सांगितली, तरच ती खरी.

एक खूण तर खास आपल्या मातीतली आहे. युद्धाच्या वर्षांत हजारो अमेरिकी सैनिक आसाम, बंगालात येऊन राहिले. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीचा त्यांचा पॅच म्हणजे एक ढाल: वर चीनचा बारा किरणांचा सूर्य आणि भारताचा तारा, खाली अमेरिकेचे लाल-पांढरे पट्टे. सरकारी पॅच कमी पडले, की सैनिक बाजारात जायचे आणि आपले कारागीर तोच पॅच हातानं भरून द्यायचे, कित्येकदा जरीनं. ज्या बोटांनी शालूचे पदर भरले, त्याच बोटांनी परदेशी ढालीवर कलाबतू चढवला. यंत्राची शिस्त त्या टाक्यांत नाही, सूर्याचे किरण थोडे वाकडे आहेत, चांदीची तार काळवंडली आहे. पण जगभरचे संग्राहक आज असे भारतीय बनावटीचे पॅच जपून ठेवतात. शिवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्याचा टाका हीच त्याची सही.

ओळख चुकली तर किती अनर्थ होऊ शकतो, याचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेच्या ४५व्या डिव्हिजनचं. लाल चौकोनावर पिवळं स्वस्तिक. असा तुकडा पाश्चात्त्य माणसाच्या हाती पडला, तर तो दचकून टाकून देईल. पण हे चिन्ह डिव्हिजननं १९२४ मध्ये घेतलं, ते अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या मूळ रहिवाशांच्या मंगलचिन्हावरून. हिटलरनं त्या आकृतीला काळिमा फासल्यावर १९३९ मध्ये त्यांनी ते उतरवलं आणि त्या जागी आणलं थंडरबर्ड, म्हणजे मूळ रहिवाशांच्या पुराणांतला मेघगर्जनेचा पक्षी. हाच पक्षी बाहीवर घेऊन ४५व्या डिव्हिजनचे सैनिक २९ एप्रिल १९४५ रोजी डाखाऊच्या छळछावणीत शिरले आणि तिथल्या कैद्यांना सोडवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव लागलं. दारावर, वहीवर, पूजेच्या पाटावर स्वस्तिक काढणाऱ्या आपल्यासारख्यांना ही हकीकत वेगळी भिडते. आकृतीचा अर्थ आकृतीत नसतो, ती कुणी, कुठे, कशासाठी धारण केली यात असतो.

आणि काही पॅच तर अस्सल असूनही साफ खोटे आहेत! १९४४ मध्ये दोस्तांना जर्मनांची खात्री पटवायची होती, की हल्ला नॉर्मंडीवर होणार नसून कॅलेवर होणार आहे. त्यासाठी इंग्लंडच्या किनाऱ्यावर जनरल पॅटन यांच्या हाताखाली एक अख्खी बनावट सेना उभी केली गेली. जी डिव्हिजन अस्तित्वातच नव्हती, तिचा पॅच मात्र रीतसर आखला आणि बनवला गेला. पुढे फ्रान्सच्या भूमीवर ‘घोस्ट आर्मी’ म्हणून ओळखली गेलेली सुमारे ११०० जणांची तुकडी हाच खेळ खेळली. हवेनं फुगवलेले रणगाडे, ध्वनिवर्धकांवरून रणगाड्यांचा खडखडाट, आणि बाहीवर दुसऱ्याच डिव्हिजनचे पॅच शिवून गावातल्या कॅफेत बसून मोठ्यानं गप्पा मारणारे सैनिक. ते पॅच हेराच्या डोळ्यांसाठीच शिवलेले होते. म्हणजे एका टाक्यानं शत्रूची पलटण अडवली आणि आपल्या माणसांचे प्राण वाचवले. कापडानं यापेक्षा मोठं काम काय करावं?

सैनिकांचं असं. पण युद्ध कारखान्यांतही लढलं जात होतं आणि तिथल्या माणसांच्या बिल्ल्यांकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. ऑगस्ट १९१४ मध्ये इंग्लंडमध्ये एक क्रूर चाल पडली. गणवेशात नसलेला तरुण दिसला, की बायकांनी त्याच्या हाती पांढरं पीस द्यायचं, म्हणजे तो भित्रा. पण जहाज बांधणारा, तोफगोळे ओतणारा कामगार सैन्यात गेला तर सैन्य लढणार कशानं? म्हणून अशा कामगारांना कोटाला लावायला बिल्ला दिला गेला: ‘ऑन वॉर सर्व्हिस’. मागे क्रमांक. १९१६ मध्ये बायकांसाठी वेगळा, त्रिकोणी बिल्ला निघाला. तो लावून हजारो मुली दारूगोळ्याच्या कारखान्यात गेल्या. टीएनटी हाताळून त्यांची कातडी पिवळी पडायची, म्हणून लोक त्यांना ‘कॅनरी’ म्हणायचे. ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री लीड्सजवळच्या बार्नबो कारखान्यात स्फोट झाला आणि ३५ जणी गेल्या. सेन्सॉरमुळे ती बातमी तेव्हा उघडपणे छापलीही गेली नाही. एखाद्या आजीच्या पेटीतला पितळी त्रिकोण म्हणजे त्या न छापलेल्या बातमीचं एक अक्षर.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बिल्ल्यांची ही भाषा आणखी बहरली. चांगलं उत्पादन करणाऱ्या कारखान्याला सैन्य आणि नौदल मिळून ‘ई’ पुरस्कार द्यायचे. तो युद्धकाम करणाऱ्या कारखान्यांपैकी जेमतेम ५ टक्क्यांना मिळाला, आणि मिळाला की तिथल्या प्रत्येक कामगाराच्या छातीवर पानांच्या वेढ्यातलं ‘ई’ अक्षर असलेली पिन यायची. पॅचवर किंवा डोक्याच्या रुमालावर जळता बॉम्बगोळा दिसला, तर तो दारूगोळा खात्याचा, कारण तिथल्या महिला कामगारांसाठी त्याच छापाचे रुमाल काढले होते. आणि दंडाची बेटकुळी दाखवणारी, लाल रुमाल बांधलेली ती पोस्टरवरची बाई सगळ्या जगाला ठाऊक आहे. जे. हॉवर्ड मिलर यांनी ते पोस्टर १९४३ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीसाठी काढलं आणि तेव्हा ते कंपनीच्या कारखान्यांतच जेमतेम दोन आठवडे लागलं होतं. पुढच्या वेळी ते समोर आलं, की तिच्या कॉलरकडे नीट पाहा. तिथे एक गोल बिल्ला आहे. तो कंपनीच्या कामगाराचा ओळखीचा बिल्ला. कोट्यवधी लोकांनी ते चित्र पाहिलं, फार थोड्यांनी तो बिल्ला पाहिला.

आता त्या पहिल्या तुकड्याकडे परत जाऊ.

टेनेसीत ओक रिज नावाचं शहर युद्धकाळात रानातून उभं राहिलं. नकाशावर ते नव्हतं, पण त्याची वस्ती ७५ हजारांवर गेली. तिथे गळ्यात किंवा छातीवर बिल्ला लावल्याशिवाय फिरता येत नसे. शाळा संपवून आलेल्या मुली यंत्रांसमोर उंच स्टुलांवर बसून काटे हलवायच्या. आपण काय बनवतो आहोत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसला बिल्ल्याचा रंगच ठरवायचा, की कुणाला किती कळावं: पांढरा बिल्ला असेल त्याला तांत्रिक चर्चेत बसता येई, निळा असेल त्याला कामापुरतंच. ६ ऑगस्ट १९४५ रोजी रेडिओवर हिरोशिमाची बातमी आली, तेव्हा ओक रिजच्या त्या मुलींना आपण काय करत होतो ते कळलं. त्या एका अणुबॉम्बमुळे वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली.

निळ्या पार्श्वभूमीवरचं ते प्रश्नचिन्ह हा बॉम्ब बनवणाऱ्या गुप्त अमेरिकी प्रकल्पाचं आहे. मॅनहॅटन प्रकल्पाच्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये आखलेला हा पॅच. निळा रंग म्हणजे विश्व. ढग आणि विजेचं प्रश्नचिन्ह म्हणजे निकाल काय लागेल याची अनिश्चितता आणि भोवतालची गुप्तता. शेपटीची वीज ज्या पिवळ्या गोळ्याला चिरते, तो अणू. वरचा तारा त्यांच्या लष्करी विभागाचा. कारखान्यातल्या माणसांनाही ‘ए’ अक्षराची छोटी पिन मिळाली: सहा महिने काम केलेल्यांना ब्राँझची, वर्षभर केलेल्यांना चांदीची. शत्रूपासून लपवायचं म्हणून कोडं घालणारे पॅच आपण पुष्कळ पाहिले. हा एक पॅच असा आहे, ज्यानं स्वतःच प्रश्न धारण केला, आणि तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

या सगळ्यातून मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. प्रत्येक पॅच आपल्यांसाठी उघडा आणि परक्यांसाठी बंद असा बनवला होता. वर्षं उलटली, ज्यांना तो वाचता येत होता ती माणसं गेली, आणि त्यांच्या नातवंडांपुढे तो बंदच राहिला. शत्रूपासून लपवलेली ओळख काळानं घरच्यांपासूनही लपवली. जो कुणी आज थोडे कष्ट घेऊन ती वाचतो, तो त्या गेलेल्या माणसाच्या आपल्यांत जाऊन बसतो.

तेव्हा एक कळकळीची विनंती. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, नगर, बेळगाव या पट्ट्यात गावोगाव अशी घरं आहेत, जिथून कुणी ना कुणी पलटणीत गेलं होतं. माळ्यावरची लोखंडी पेटी उघडा. कापडाचा तुकडा, पितळी अक्षरं, क्रमांकाचा बिल्ला काहीही निघालं, तर ते धुऊ नका, इस्त्री करू नका, डिंकानं फ्रेमला चिकटवू नका. पितळ घासून लखलखीत करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागची बाजू विसरू नका. त्याबरोबर कागदावर लिहून ठेवा: माणसाचं पूर्ण नाव, गाव, पलटण, घरात ऐकलेली हकीकत. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, मराठा पलटणीचा माणूस असेल तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे विचारा. आणि हे सगळं करण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ तो तुकडा घेऊन बसा. दोऱ्याची परीक्षा पुढच्या वर्षीही करता येईल. आजी काय सांगते ते मात्र आजच लिहून घ्या.